बोलणारा क्लास

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. पलीकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे क्लार्क काका होते.

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर एकाच आकड्यावर अडकलाय. काट्याच्या डब्यावर एकवीस टन दिसतंय आणि स्क्रीनवर अठरा. पावती अठराचीच निघतीय. गाडीवाले ओरडायला लागलेत."

"किती गाड्या गेल्या?"

"तीन. तिन्हींना सारखंच वजन. तिसऱ्याच्या लक्षात आलं."

उसाच्या पट्ट्यात 'काटामारी' हा शब्द किती जड आहे, हे तिथे काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वर्षभर पाणी देऊन वाढवलेला ऊस काट्यावर चढतो आणि तिथे जो आकडा उमटतो, त्यावर घरचं वर्ष ठरतं. त्या आकड्याबद्दल एकदा संशय आला की मग तो चुकून आला की मुद्दाम आणला, हे कोणी ऐकून घेत नाही. घ्यावं तरी का? काकांनी शहाणपणाने काटा थांबवला, तिन्ही पावत्या रद्द केल्या, अजून गव्हाणीवर रिकाम्या न झालेल्या गाड्या परत बोलावल्या आणि डब्यावरचे लाल आकडे बघून हाताने पावत्या लिहायला घेतल्या. रस्त्यावर मात्र ट्रॅक्टरांची रांग लागली. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो आणि वजनात घटतो. म्हणजे आमच्या चुकीचा भार शेवटी शेतकऱ्यावरच पडत होता.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत काम करते. वजनकाट्याच्या इंडिकेटरकडून, म्हणजे काका ज्याला डबा म्हणत त्या यंत्राकडून वजन घ्यायचं, गाडीची नोंद करायची, पावती छापायची आणि हिशेब पुढे पाठवायचा, असा आमचा प्रोग्रॅम होता. सगळा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. इंडिकेटरशी बोलणारा भाग माझा होता.

नऊच्या सुमारास मी काट्यावर पोचले. काकांनी चहा पुढे केला, पण माझं लक्ष स्क्रीनकडे होतं. १८,७६० किलो. काट्यावर गाडी नव्हती, डब्यावर लाल शून्य होतं, आणि आमच्या स्क्रीनवर १८,७६०. मी लॉगची फाइल उघडली. पहाटे चारला पाळी बदलल्याची ओळ होती आणि तिच्याखाली नुसता पी, पी, पी, पी, पी असा एकाच अक्षराचा पट्टा, पानंच्या पानं. 'पी' हे अक्षर आम्ही दर सेकंदाला इंडिकेटरला पाठवायचो. ते मिळालं की तो वजन सांगायचा. इंडिकेटरला जायचं अक्षर लॉगच्या फाइलमध्ये येऊन पडत होतं.

कारण सापडायला तासभर लागला. पाळी बदलताना इंडिकेटर ठीक आहे का, हे तपासणारं एक नवं फंक्शन त्या आठवड्यात आमच्या गटात नव्याने आलेल्या मुलाने लिहिलं होतं. फंक्शनला सीरियल पोर्टचा ऑब्जेक्ट द्यायचा होता. तो रेफरन्सने द्यायला हवा होता. त्याच्याकडून एक अँपरसँडचं चिन्ह राहिलं. त्यामुळे मूळ ऑब्जेक्टऐवजी त्याची प्रत फंक्शनमध्ये गेली. फंक्शन संपलं, प्रत नष्ट झाली, आणि नष्ट होताना तिने आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये लिहिल्याप्रमाणे पोर्ट बंद केलं. मूळ ऑब्जेक्टला याचा पत्ता नव्हता. त्याच्याकडे लिनक्सने दिलेला पोर्टचा क्रमांक होता, तोच धरून तो बसला. लिनक्समध्ये नवी फाइल उघडली की सगळ्यांत लहान रिकामा क्रमांक तिला मिळतो. पाळी बदलली म्हणून नव्या लॉगची फाइल उघडली गेली आणि नेमका तोच क्रमांक तिला गेला. मूळ ऑब्जेक्ट इमानाने 'पी' पाठवत राहिला, फक्त आता तो लॉगला पाठवत होता. उत्तर येईना, तेव्हा प्रोग्रॅमने शेवटचं वजन धरून ठेवलं. एखाद्या सेकंदाचं वाचन चुकलं तर स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून ती सोय मीच कधीतरी केली होती.

ऑफिसमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथे ते फंक्शन सुटं तपासलं होतं. ते संपलं की चाचणीही संपायची. नंतर काय बिघडतं, हे बघायला कोणी उरतच नव्हतं.

मी अँपरसँड घातला, प्रोग्रॅम पुन्हा बांधला, काट्यावर एक ट्रॅक्टर चढवून डब्यावरचा आणि स्क्रीनवरचा आकडा काकांना आणि ड्रायव्हरला शेजारी शेजारी दाखवला. रांग हलली. परतीच्या वाटेवर मला वाटलं की प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. त्या मुलाने लिहिलेली ओळ पडद्यावर दाखवली गेली. "पोर्टची कॉपी करायची नसते, एवढं साधं कळत नाही का?" असं आमच्या गटप्रमुखांनी विचारलं. तो कराडकडचा, कामाला लागून तीन महिने झालेला मुलगा. त्याने मान खाली घालून "चुकलं सर" म्हटलं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची बोच मला आजही आहे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सीरियल पोर्टच्या क्लासची हेडर फाइल उघडली. ती मी लिहिली होती. पोर्ट उघडायचं, लिहायचं, वाचायचं, आणि शेवटी डिस्ट्रक्टर: पोर्ट बंद करायचं. याची प्रत करू नये, असं त्यात कुठेच नव्हतं. कॉमेंटमध्ये नाही, कोडमध्ये नाही. ते फक्त माझ्या डोक्यात होतं. मला माहीत होतं म्हणून ते साधं होतं. त्या मुलाच्या समोर जो क्लास होता, तो प्रत करायला मोकळा होता. कंपायलरने त्याला एका शब्दानेही अडवलं नव्हतं. ज्या दाराला मी कडी लावली नव्हती, त्या दारातून आत आल्याबद्दल आम्ही त्याला बोल लावत होतो.

यात सी प्लस प्लसची एक जुनी खोड आहे. ही भाषा सी भाषेच्या पोटातून आली आणि सीमध्ये स्ट्रक्चरची सहज प्रत होते. ती सोय टिकवायची म्हणून क्लासला प्रत करणारं फंक्शन तुम्ही लिहिलं नाही, तर कंपायलर ते स्वतःच लिहून देतो आणि तसं सांगतही नाही. नुसता आकडा किंवा नाव सांभाळणाऱ्या क्लासला हे ठीक आहे. पण जो क्लास फाइल, पोर्ट किंवा मेमरी ताब्यात घेतो, त्याची अशी प्रत म्हणजे एकाच घराच्या दोन किल्ल्या दोन मालकांकडे. एकाने घर विकलं तरी दुसरा किल्ली घेऊन फिरतोच. म्हणून डिस्ट्रक्टर लिहिलात तर प्रतीचं आणि नेमणुकीचं, म्हणजे कॉपी असाइनमेंटचंही काय ते लिहा, असा 'तिनांचा नियम' या भाषेत फार वर्षांपासून सांगितला जातो. २०११ च्या मानकात मूव्हची, म्हणजे ताबा एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची, दोन फंक्शन्स आली आणि तिनाचे पाच झाले. त्याच मानकाने एक मोठी सोय दिली: फंक्शनच्या नावापुढे '= डिलीट' लिहिलं की ते वापरायला बंद. डिस्ट्रक्टर असलेल्या क्लासची प्रत आपोआप बनवण्याची रीतही त्या मानकाने कालबाह्य ठरवली, पण बंद केली नाही, कारण जगभरचा जुना कोड मोडला असता. म्हणजे भाषेलाही हे पटलं होतं, आणि तरी जबाबदारी लिहिणाऱ्यावरच राहिली.

मी माझ्या क्लासमध्ये दोन ओळी वाढवल्या. प्रत डिलीट, नेमणूक डिलीट. मग मुद्दाम त्या मुलाची जुनी, अँपरसँड नसलेली ओळ परत घालून कोड बांधला. कंपायलर जागच्या जागी थांबला: हे फंक्शन डिलीट केलेलं आहे, वापरता येणार नाही. पहाटेचा फोन, रांग, रद्द पावत्या, बैठकीतली ती खाली गेलेली मान, हे सगळं त्या दोन ओळींनी टळलं असतं.

पण आमच्या कोडमध्ये असे किती क्लास होते? आणि पुढचा क्लास लिहिताना मला, किंवा आणखी कोणाला, त्या दोन ओळी आठवतीलच याची काय हमी?

याचं उत्तर मला इंजिनिअरिंगच्या माझ्या एका मैत्रिणीकडून मिळालं. ती वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. पुणे-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात असं काम भरपूर चालतं. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे मिस्राचे नियम तपासल्याशिवाय कोड पुढे सरकतच नाही. आणि माणसं नाही तपासत, टूल तपासतं." मिस्रा ही ब्रिटनमध्ये वाहन उद्योगासाठी सुरू झालेली नियमावली. सी भाषेसाठी ती १९९८ मध्ये आली, सी प्लस प्लससाठी २००८ मध्ये. ब्रेक आणि एअरबॅगच्या कोडमध्ये 'लक्षात राहिलं नाही' हे कारण चालत नाही. मला वाटलं, वजनकाट्यावर तरी ते का चालावं?

प्रोग्रॅम न चालवता, नुसता कोड वाचून त्यातले दोष शोधायचे, याला स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात. कल्पना नवी नाही. १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' नावाचा असा प्रोग्रॅम केला. कपड्याला चिकटलेले बारीक तंतू वेचावेत तसे कोडमधले बारीक दोष वेचणारा. आम्ही घेतलं ते क्लँग-टायडी. ते कुणालाही फुकट वापरता येतं आणि कंपायलर जसा कोड समजून घेतो तसंच तेही घेतं: कोणता क्लास, त्याला कोणती फंक्शन्स, कोण कोणापासून निपजलेला, याचं झाड उभं करतं आणि त्या झाडाला प्रश्न विचारतं. 'ज्याने डिस्ट्रक्टर लिहिलाय पण प्रतीबद्दल काहीच म्हटलं नाही, असा क्लास दाखव' हा त्यातला एक प्रश्न. अक्षरं शोधणाऱ्या साध्या स्क्रिप्टला हे जमत नाही.

पहिल्यांदा आमचा अंदाज चुकला. उत्साहात सगळेच नियम चालू केले. हजारोंनी इशारे आले. चलांची नावं अशी का, इथे महिरपी कंस का नाही, हा आकडा सुटा का लिहिला. एक-दोन दिवस लोकांनी पाहिलं, मग पाहणं सोडलं. खऱ्या धोक्याचा इशारा त्या गर्दीत कुठे होता, कोणाला माहीत. आठवडाभरात मी ते बंद केलं. सतत वाजणाऱ्या भोंग्याकडे कोणी वळून बघत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. आम्हाला गेल्या काही हंगामांत नेमकं काय काय बाधलं, त्याची यादी केली आणि त्यापुरतेच नियम घेतले. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप आणि हर्ब सटर यांनी २०१५ मध्ये सी प्लस प्लसची 'कोअर गाइडलाइन्स' नावाची नियमावली खुली केली होती. तिच्यात क्लासच्या रचनेचे नियम आहेत, आणि प्रत्येकाच्या खाली कारण दिलेलं आहे. मला ते कारण फार महत्त्वाचं वाटलं. क्लँग-टायडीत त्यातल्या बऱ्याच नियमांच्या तपासण्या तयार आहेत. आम्ही चार निवडले.

पहिला, अर्थात, पाचांचा: एकाबद्दल बोललात तर पाचांबद्दल बोला.

दुसरा 'एक्स्प्लिसिट'चा. हा का घेतला, ते सांगते. आमचा 'वजन' नावाचा एक क्लास होता. त्याचा कन्स्ट्रक्टर एक दशांश आकडा घ्यायचा, किलोमध्ये. सी प्लस प्लसमध्ये असा एका आकड्याचा कन्स्ट्रक्टर असला की वजन जिथे मागितलंय तिथे नुसता आकडा दिला तरी चालतो. कंपायलर मुकाट्याने आकड्याचं वजन करून टाकतो. कारखान्याच्या जुन्या नोंदींत ट्रॅक्टरचं रिकामं वजन टनात होतं. एकाने ते उचलून थेट पुढे दिलं: ७.८६. प्रोग्रॅमने ते ७.८६ किलो समजलं. भरलेल्या वजनातून ते वजा झालं आणि निव्वळ ऊस म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट सगळं वजन उभं राहिलं. नशिबाने हे ऑफिसच्या चाचणीत दिसलं. पण दिसलं ते आकडा डोळ्यांत भरण्याइतका वेडावाकडा होता म्हणून.

कन्स्ट्रक्टरच्या आधी 'एक्स्प्लिसिट' हा एक शब्द लिहिला की ही मुकाट्याने होणारी अदलाबदल बंद होते. आकड्याचं वजन करायचं असेल तर तसं उघड लिहावं लागतं. क्लँग-टायडीने दाखवलेल्या जागी तो शब्द घातल्यावर कंपायलर अकरा ठिकाणी अडला. आम्ही एकेक ठिकाण पाहिलं. नऊ बरोबर होती. दोन ठिकाणी टन आणि किलोची गल्लत होती, कोणाला कधी न दिसलेली. टूलला टन आणि किलो कळत नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्याने फक्त आम्हाला प्रत्येक जागी थांबून 'हे वजन कशात आहे?' असं स्वतःला विचारायला लावलं. त्यातूनच पुढे आम्ही कन्स्ट्रक्टर आत दडवला आणि 'किलोवरून' आणि 'टनावरून' अशा दोन नावांची फंक्शन्स बाहेर ठेवली. आता एकक न सांगता वजन बनवायची वाटच उरली नाही.

तिसरा नियम 'ओव्हरराइड'चा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंडिकेटरांसाठी आमचा एक मूळ क्लास होता आणि त्याच्यापासून निपजलेले सहा-सात. कोणीतरी मूळ क्लासमधल्या एका फंक्शनला 'कॉन्स्ट' जोडलं. बाकीच्यांत ते जोडलं, एकात राहिलं. कंपायलरच्या दृष्टीने त्या एका क्लासमधलं फंक्शन आता वेगळंच, नवं फंक्शन झालं, आणि त्या इंडिकेटरला मूळ क्लासची ढोबळ वागणूक लागू झाली. वाचन व्हायचं, पण स्थिर झालेलं वजन आणि हलतं वजन यांतला फरक कळायचा नाही. 'ओव्हरराइड' हा शब्द लिहिलेला असता, तर 'मूळ क्लासमध्ये असं फंक्शन नाही' असं कंपायलरने तिथेच सांगितलं असतं. हा शब्दही २०११ पासून भाषेत आहे. आम्ही लिहीत नव्हतो, एवढंच.

चौथा मूळ क्लासच्या डिस्ट्रक्टरचा: तो उघडा असेल तर व्हर्च्युअल असावा, नाहीतर बाहेरून वापरता येऊ नये. मूळ प्रकाराच्या पॉइंटरमधून ऑब्जेक्ट पुसला आणि डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नसला, तर पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही.

या चारांचा मथितार्थ एकच आहे. क्लासने आपलं म्हणणं उघड बोललं पाहिजे. माझी प्रत करायची की नाही, आकड्यावरून मी आपोआप बनेन की नाही, मी वडिलांचं फंक्शन बदलतोय की नवं आणतोय, माझ्यापासून कोणी निपजावं की नाही. उत्तर 'हो' असो की 'नाही', ते लिहिलेलं असावं. न लिहिलेलं राहिलं तर तपासणी लाल होईल आणि कोड मुख्य शाखेत जाणार नाही.

आमच्या गटातले एक वयाने आणि अनुभवाने मोठे सर याला कडाडून विरोध करत होते. ते म्हणाले, "ज्याला कळतं त्याला या नियमांची गरज नाही, आणि ज्याला कळत नाही तो कारण न समजता नुसता शब्द चिकटवेल." हे बोलणं सोडून देण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या भागात तथ्य होतं, म्हणून आम्ही ठरवलं की प्रत्येक नियमाचं एक पान लिहायचं: नियम काय, तो आपल्या कोणत्या चुकीतून आला, अपवाद कधी करायचा. मराठीत लिहायचं, म्हणजे वाचलं जाईल. पहिल्या भागाचं उत्तर मात्र टूलनेच दिलं. पाचांच्या नियमात पहिल्या दिवशी अडतीस क्लास सापडले. त्यांतले चौदा माझे होते आणि नऊ सरांचे. सरांनी यादी शांतपणे वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझे मी करतो." त्या आठवड्यात त्यांनी ते केलेही.

अपवादही लागले. क्लँग-टायडीला एखादी ओळ वगळायला सांगायची तर तिथे 'नोलिंट' अशी कॉमेंट लिहितात. आम्ही अट घातली: कोणता नियम वगळताय त्याचं नाव कंसात हवं आणि पुढे कारण हवं, एका वाक्यात. नुसतं 'नोलिंट' चालणार नाही. मजकुराचा आमचा एक लहान क्लास होता, तिथे आपोआप बदल हवाच होता. तिथे तसं लिहिलं. अपवाद उघड लिहिला की तोही नियमाइतकाच उपयोगी पडतो. पुढच्या माणसाला कळतं की इथे विसर पडलेला नाही, विचार झालेला आहे.

जुना कोड एका दमात साफ करायचा नाही, हेही ठरवलं. दिवसा तपासणी फक्त बदललेल्या ओळींपुरती. तशी सोय क्लँग-टायडीसोबत येते. ही तपासणी कंपायलरपेक्षा संथ असते, त्यामुळे सगळ्या कोडची फेरी रात्री. ज्या क्लासला हात लावाल तो सरळ करून सोडा, बाकीच्यांच्या मागे लागू नका. गाळप बंद असतं त्या पावसाळ्याच्या महिन्यांत एकेक करून यादी उतरत गेली. एक गोष्ट मला त्या कामात आवडली. अडतीसांतल्या कितीतरी क्लासना डिस्ट्रक्टरची गरजच नव्हती. मेमरी सांभाळायला भाषेने दिलेले मालकी जाणणारे पॉइंटर वापरले की ते स्वतःच साफसफाई करतात, आणि ज्याची प्रत होऊ नये त्याची होऊ देत नाहीत. मग पाचांपैकी एकही फंक्शन लिहावं लागत नाही. नियम पाळायला म्हणून गेलो आणि बराच कोड पुसून आलो.

टूलच्या मर्यादाही तेवढ्याच मोकळेपणाने सांगायला हव्यात. पोर्टचं उत्तर आलं नाही तर जुनं वजन धरून ठेवायचं, ही माझी सोय कोणत्याही तपासणीला चुकीची दिसली नसती. भाषेच्या नियमांत ती अगदी निर्दोष होती. ती चूक होती हे कळायला वजनकाट्यावर उभं राहावं लागतं, पावती हातात घेऊन भांडणारा माणूस पाहावा लागतो. आता उत्तर आलं नाही तर स्क्रीनवर आकड्याऐवजी रेघा येतात आणि पावती निघतच नाही. तो बदल कोणत्याही टूलने सुचवला नाही. काकांनी सुचवला. "मॅडम, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. जुनं कशाला सांगता?" असं ते म्हणाले होते. क्लासने उघड बोलावं, हा धडा मी कोडमध्ये लावत होते. काकांनी तो आकड्याला लावला.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो कोड रिव्ह्यूमध्ये. पूर्वी रिव्ह्यू म्हणजे ज्येष्ठाने कनिष्ठाच्या चुका काढायच्या. कोणाचा कोड बारकाईने बघायचा आणि कोणाचा वरवर, हे वयावर आणि वेळेवर ठरायचं. दुपारी तीनला आलेला कोड नीट पाहिला जायचा, साडेसहाला आलेला कसाबसा. तपासणीला वय दिसत नाही आणि ती दमत नाही. तिने सरांना थांबवलं, मला थांबवलं, त्या मुलाला थांबवलं. तिघांना एकाच शब्दांत. 'इथे अँपरसँड राहिला', 'इथे ओव्हरराइड नाही' असली वाक्यं रिव्ह्यूमधून हळूहळू गेली आणि त्या जागी दुसरे प्रश्न आले. हा क्लास हवाच आहे का? इंडिकेटरची वायर निघाली तर हे काय करेल?

त्या मुलाशी मी मग बोलले. उशिरा बोलले, पण बोलले. बैठकीत ती ओळ दाखवली गेली, तशीच माझी हेडर फाइलही दाखवायला हवी होती, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मला तर वाटलं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, मलाच नाही." हे वाक्य मी विसरलेले नाही. न लिहिलेला नियम माहीत असणाऱ्याला दिसत नाही, आणि माहीत नसणाऱ्याला तो स्वतःचा कमीपणा वाटतो.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे एक मुलगी नव्याने लागली. तो कराडचा मुलगा आता तिला शिकवतो. तिने पहिल्याच आठवड्यात पावतीच्या प्रिंटरचा एक क्लास लिहिला, त्याला डिस्ट्रक्टर लिहिला आणि प्रतीबद्दल काहीच लिहिलं नाही. तपासणी लाल झाली. कोणी पाहायच्या आत तिने नियमाचं पान उघडलं, काट्यावरची गोष्ट वाचली, दोन ओळी लिहिल्या. मग ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली. मी शेजारीच होते.

"दादा," तिने विचारलं, "प्रत डिलीट केली ते कळलं. पण प्रिंटर एका मालकाकडून दुसऱ्याकडे सोपवायचा असेल तर? ते चालू ठेवू की तेही बंद करू?"

त्याने खुर्ची सरकवून तिला जागा दिली आणि कागद पुढे ओढला.